खुर्ची घ्यायला खाली या!

गेल्या डिसेंबरात आम्हा काही संघटनांची मुंबईत दोन दिवसांची बैठक होती. एकट्या राहणाऱ्या बायकांच्या रेशन कार्डाचा विषय मी मांडायचा, असं ठरलं होतं. तो विषय मी मांडला नाही. मी बोलायची त्या वेळी दादरच्या एका हॉटेलात दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पलंगावर बसून होते, आणि माझ्यासाठी भाड्याने मागवलेली चाकाची खुर्ची खाली दारात उभी होती. आमच्या दोघींच्या मध्ये हॉटेलचा एक नियम आडवा आला होता. त्या नियमाबद्दल हे लिहिते आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी मिरजेची. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर आणि दोन कुबड्या यांवर मी चाळीस वर्षं चळवळीत हिंडले. मोर्च्यात मागे राहायची, पण असायची. चार वर्षांपूर्वी पडले आणि उजवा खांदा दुखावला. ज्या बाईचे पाय म्हणजे तिचे खांदे, तिचा खांदा गेला की काय होतं ते सांगायला नको. आता घरातल्या घरात कुबड्या चालतात, लांबचं अंतर असेल तर खुर्ची लागते. घरी माझी खुर्ची आहे. पण रात्रीच्या गाडीने एकटीने प्रवास करायचा तर कुबड्या, पिशवी आणि घडीची खुर्ची हे सगळं डब्यात चढवायचं कुणी?

म्हणून मुंबईत खुर्ची भाड्याने घ्यायचं ठरवलं. परळला मोठ्या रुग्णालयांच्या आसपास रुग्णसाहित्याची दुकानं आहेत. खुर्च्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, ऑक्सिजनची यंत्रं विकतही मिळतात आणि भाड्यानेही. त्यातल्या एकाला आठवडाभर आधी फोन केला. आधार कार्डाची प्रत पाठवली, अनामत भरली. तीन दिवसांसाठी महिन्याचं भाडं भरलं, कारण त्यापेक्षा कमी मुदतीने ते देत नाहीत. पोचवण्याचे पैसे वेगळे. हॉटेललाही फोन करून सांगितलं होतं, “सकाळी खुर्ची येईल, ठेवून घ्या.” पलीकडून “हो मॅडम” असं उत्तर आलं. ते “हो” कुठे लिहिलं गेलं नव्हतं, हे नंतर कळलं.

गाडी दोन तास उशिरा आली. दुकानाचा मुलगा ठरल्याप्रमाणे नऊला खुर्ची घेऊन हॉटेलवर गेला होता. त्याला परत पाठवलं. कारण काय, तर भाड्याची वस्तू हॉटेल ताब्यात घेत नाही. पाहुण्याने स्वतः रिसेप्शनवर येऊन सही करून घ्यायची, आणि पाहुणी तर अजून आलेलीच नाही. मी साडेदहाला पोचले. रिसेप्शनपासून लिफ्टकडे जायला पाच पायऱ्या. कठड्याला धरून, खांद्याला शिव्या देत त्या चढले. बारा वाजता खोली मिळाली. मुलाला दुसरीकडे माल पोचवायचा होता, तो अडीचला पुन्हा आला. तोवर मी कॅलिपर काढून आडवी झाले होते.

फोन आला, “मॅडम, खुर्ची आली आहे. घ्यायला खाली या.”

मी म्हटलं, “दादा, खाली येता यावं म्हणूनच तर खुर्ची मागवली आहे.”

तो गप्प झाला. मग मॅनेजर बोलायला आला. सभ्य होता, कोकणातला तरुण मुलगा, पहिल्यापासून ‘ताई’ म्हणत होता. मी म्हटलं, दुकानाच्या मुलाला वर पाठवा. तर म्हणाला, “ताई, लेडीज सिंगल रूम आहे. बाहेरच्या पुरुषाला वर सोडत नाही. तुमच्याच सेफ्टीसाठी आहे.” बरं, मग तुमच्या माणसाने खुर्ची वर आणावी. मागच्या बाजूने सामानाच्या ट्रॉलीसाठी लिफ्टपर्यंत सपाट वाट आहे, हे मी तोपर्यंत खोली दाखवायला आलेल्या मुलाकडून काढून घेतलं होतं. तर म्हणाला, “तुमची सही झाल्याशिवाय आमच्या माणसाने हात लावायचा नाही. काही तुटलं-फुटलं तर आमच्यावर येतं.” बरं, मग सहीचा कागद वर पाठवा. “सही काउंटरवरच लागते, ताई.”

आणि मग तो अगदी मनापासून म्हणाला, “तुम्ही काळजी करू नका. आमची दोन मुलं वर पाठवतो. ती तुम्हाला उचलून खाली आणतील.”

मैत्रिणींनो, इथे जरा थांबा. ओळख नसलेल्या पुरुषाने खुर्ची घेऊन माझ्या दारापर्यंत येणं माझ्या सुरक्षिततेला धोका. ओळख नसलेल्या दोन पुरुषांनी माझ्या काखेत आणि मांड्यांखाली हात घालून मला उचलणं ही मात्र सेवा! खुर्चीला सहीशिवाय हात लावायचा नाही. बाईला लावला तर चालतो.

त्या मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं. मला तेच जास्त लागलं. त्याच्या हिशेबात माझं शरीर म्हणजे एक अडकलेलं सामान होतं आणि ते हलवून देणं हा चांगुलपणा होता. अपंग बाईला हे नवीन नाही. लहानपणापासून कुणीही उचलतं, कुठेही ठेवतं, आणि आपण ‘आभारी आहे’ म्हणायचं असतं. उचलणाऱ्याचा हात कुठे लागला यावर बोललो तर कृतघ्न ठरतो. विराली मोदी या व्हीलचेअर वापरणाऱ्या कार्यकर्तीने आपला अनुभव जाहीरपणे सांगितला आहे. रेल्वेच्या डब्यात उचलून चढवताना हमालांनी आपल्या अंगाशी चाळे केले, असं तिने सांगितलं आणि २०१७ साली गाड्या आणि स्थानकं अपंगांना वापरता येण्याजोगी व्हावीत म्हणून मोहीम उघडली. बाईच्या शरीराला तिच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही, हे वाक्य आपण चाळीस वर्षं घोषणेत म्हणत आलो. ते अपंग बाईलाही लागू आहे.

मी उचलून घ्यायला नकार दिला. मॅनेजर म्हणाला, “मग आम्ही काय करणार, ताई?” शेवटी बैठकीतून एक मैत्रीण उठून आली. तिच्याकडून हॉटेलने माझ्या नावाचं अधिकारपत्र मागितलं. ती पाच पायऱ्या चढून, लिफ्टने वर येऊन माझी सही घेऊन खाली गेली. म्हणजे कागद वर येऊ शकत होता! खुर्ची सामानाच्या वाटेने दोन मिनिटांत वर आली. तोवर साडेचार वाजले होते.

परतीच्या दिवशी याचाच दुसरा अंक. बाराला खोली सोडायची, दुकानाचा मुलगा संध्याकाळी पाचला येणार, माझी गाडी रात्रीची. पिशवी हॉटेलने ठेवून घेतली, टोकन दिलं. खुर्ची ठेवून घ्यायला मात्र तयार नाहीत, ती भाड्याची. म्हणून मी पाच तास लॉबीत खुर्चीची राखण करत बसले. समोर काउंटरवर काय काय येत होतं ते पाहत होते. कुणाचा कुरिअर, कुणाचे जेवणाचे डबे, फुलांचा मोठा गुच्छ, इस्त्रीचे कपडे. विमान कंपनीने हरवलेली एक बॅगसुद्धा आली. ती बॅग पाहुणा बाहेर गेलेला असताना घेतली, चिठ्ठी लावली, कोपऱ्यात ठेवली. कुणी म्हटलं नाही की मालकाने स्वतः यावं.

हॉटेलवाल्यांची बाजू मी समजून घेते. २६ नोव्हेंबर २००८ नंतर मुंबईत बेवारस वस्तूचं भय खरं आहे. कुठलंही खोकं कुणीही ठेवून जावं असं मी म्हणत नाही. पण घडीची खुर्ची म्हणजे नळ्या, चाकं आणि एक कापड. ती उलगडली की झडती झाली. दुसरं भय मोडतोडीचं. वस्तू दुकानाची, अनामत पाहुण्याची, आणि मधल्या मध्ये ठपका हॉटेलवर. हेही खोटं नाही. पण याला उपाय आहे. वहीत नोंद करा: वस्तू काय, कोणत्या दुकानाची, किती वाजता आली, कोणत्या अवस्थेत. मोबाइलवर दोन फोटो काढा. दुकानाच्या मुलाची सही घ्या, चिठ्ठी लावा, खोलीत पोचवा. हरवलेल्या बॅगेसाठी जे करता तेच. बॅगेचं करता येतं आणि खुर्चीचं येत नाही, याचा अर्थ अडचण जबाबदारीची नाही; खुर्ची लागणारा पाहुणा नियम करणाऱ्याच्या डोक्यातच आला नव्हता.

‘हॉटेलची स्वतःची खुर्ची असते की’ असंही मला सांगितलं गेलं. होती. जिन्याखाली, पाय ठेवायच्या पट्ट्या नसलेली, हवा गेलेली. आणि धड असती तरी ती दारापासून गाडीपर्यंत न्यायची खुर्ची; दोन दिवस तिच्यात बसून काम करायची नाही. कुणाला हाताने ढकलायची मोठ्या चाकांची लागते, कुणाला मान टेकायला उंच पाठीची, कुणाला बॅटरीवर चालणारी, कुणाला बाथरूमच्या अरुंद दारातून जाणारी. चष्मा जसा रिसेप्शनवरून उसना मिळत नाही, तशीच ही गोष्ट आहे.

हा प्रश्न फक्त आमच्या हॉटेलाचा नाही, फक्त मुंबईचाही नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोसारख्या पर्यटनाच्या गावी बॅटरीच्या स्कूटर आणि खुर्च्या पाहुण्यांना भाड्याने देणं हा मोठा धंदा आहे. तिथेही हाच वाद चालतो: दुकानाच्या माणसाने वस्तू हॉटेलच्या सामानघरात ठेवून जायची, की पाहुण्याने स्वतः हजर राहून घ्यायची? फरक इतकाच की तिथे १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला आणि हॉटेलं, दुकानं अशा खाजगी जागाही त्याच्या कक्षेत आल्या. त्यामुळे तिथे भांडायला उभं राहायची जागा आहे. आपल्याकडे?

आपल्याकडेही आहे, पण ती उशिरा आली. आपल्या राज्यघटनेच्या १५व्या कलमात ‘हॉटेल’ हा शब्द स्पष्ट आहे. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला मज्जाव करता येणार नाही. त्या यादीत अपंगत्व नाही. १९९५ सालच्या कायद्याचा भर शिक्षण, नोकऱ्यांतलं आरक्षण आणि सरकारी सोयी यांवर होता. खाजगी हॉटेलाला जाब विचारायला त्यात फारसं काही हाती लागत नव्हतं. २००७ साली भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली. त्यात अपंग स्त्रियांवर दुहेरी अन्याय होतो हे मान्य करणारं वेगळं कलम आहे, आणि हिंडण्याफिरण्याच्या साधनांबद्दलही आहे. मग २०१६चा कायदा आला, १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. त्यात भेदभावाच्या व्याख्येतच वाजवी सोय नाकारण्याचा समावेश आहे. वाजवी सोय म्हणजे समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता करता येण्याजोगा आवश्यक बदल. लोकांच्या वापरातल्या खाजगी इमारतीही या कायद्यात येतात, आणि सेवा देणारे खाजगी असले तरी येतात. कायदा मोडला तर पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत, पुढे पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितलं की, वावर सुलभ करण्याचे नियम नुसते सल्ले असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

सहीचा कागद दोन मजले वर पाठवणं हा अवाजवी बोजा आहे का? मला वाटतं, हे विचारायला वकील लागू नये.

आणखी एक खटला आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा. जिजा घोष या सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या फेब्रुवारी २०१२मध्ये कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. विमानात बसल्यावर त्यांना खाली उतरवण्यात आलं. परिषद हुकली. त्या गप्प बसल्या नाहीत. मे २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मी स्वतःला त्यांच्या पंगतीला बसवत नाही. माझी फक्त एक दुपार गेली. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. बाई बोलायला निघाली होती आणि तिला पोचू दिलं नाही.

पुन्हा ही फक्त अपंग बायकांची गोष्टही नाही. खुर्ची परत न्यायला आलेल्या दुकानाच्या मुलाशी बोलत होते. तो म्हणाला, सगळ्यात जास्त त्रास रुग्णालयांजवळच्या लॉजवर होतो. गावाकडून उपचाराला आलेला माणूस खोलीत पडून, सोबत फक्त बायको. कमोडची खुर्ची घेऊन आम्ही जातो. लॉजवाला वर सोडत नाही. बाई म्हणते, यांना एकटं टाकून खाली कशी येऊ? आम्ही खाली, ती वर, अर्धा अर्धा तास. शेवटी ती धावत येते, सही करते आणि ते लोखंड एकटीच उचलून जिना चढते.

पाहा, नियमात ‘पाहुण्याने स्वतः’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ते ‘बाईने’ असं वाचायचं. आजारपणाची सेवा करणारी बाई, म्हाताऱ्या सासूला नेणारी सून, मुलाला कडेवर घेऊन हिंडणारी आई. माझ्यासाठी बैठक सोडून आलेलीही मैत्रीणच होती. नियम करणारा जे काम टाळतो, ते कुणा ना कुणा बाईच्या अंगावर येतं, फुकट.

आता जरा आपल्याकडे पाहू. हे हॉटेल कुणी ठरवलं होतं? आपणच. स्वस्त आहे, स्टेशनजवळ आहे, बायकांना बरं आहे, एवढं पाहिलं. नोंदणीच्या अर्जात शाकाहारी की मांसाहारी विचारलं होतं, सोबत मूल आहे का विचारलं होतं. ‘तुम्हाला यायला-राहायला काय लागेल?’ हा प्रश्न नव्हता. तो नव्हता हे माझ्याही लक्षात आलं नाही, कारण मलाच सवय झाली होती की माझी सोय मी बघायची आणि कुणाला त्रास द्यायचा नाही.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद आहे. त्यांत १ कोटी १८ लाख मुली आणि बायका. आपल्या बैठकांत त्यांतल्या किती जणी दिसतात? डिसेंबर २०१५मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला, आणि आता सगळ्या फलकांवर तो आहे. मी अजून ‘अपंग’च म्हणते. माझ्यात दिव्य काही नाही. मला देवत्व नको, दारापर्यंत खुर्ची हवी.

जुन्या मैत्रिणींना आठवत असेल. सुरुवातीच्या शिबिरांत पाळणाघराचा आग्रह धरला तेव्हा काय ऐकावं लागलं होतं! ‘मुलं सांभाळायला येताय की चर्चा करायला?’ आपण हटलो नाही. पाळणाघर नसेल तर तान्ह्या मुलाची आई चर्चेला येऊच शकत नाही, हे आपण पटवून दिलं. ती मेहेरबानी नव्हती, चर्चेची पहिली अट होती. आज पाळणाघराशिवाय शिबिराचं पत्रक निघत नाही. खुर्चीचंही तसंच व्हायला हवं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. यापुढे कुठल्याही हॉटेलात, लॉजवर, धर्मशाळेत मुक्काम ठरवताना आधी लेखी विचारा. भाड्याने आणलेलं साहित्य पाहुणी येण्याआधी नोंद करून ठेवून घ्याल का? ते खोलीच्या दारापर्यंत तुमचा माणूस पोचवेल का, किंवा दुकानाच्या माणसाला तुमच्या माणसासोबत वर सोडाल का? सही खोलीत घ्याल का? बॅटरीची खुर्ची असेल तर ती खोलीत चार्ज करू द्याल का? खोली सोडल्यावर दुकानवाला येईपर्यंत पिशवीसारखंच टोकन देऊन ठेवाल का? आणि पाहुणीने मागितल्याशिवाय तिला कुणी हात लावणार नाही, हे तुमच्या कामगारांना सांगाल का? फोनवरच्या ‘हो मॅडम’वर विसंबू नका, उत्तर कागदावर मागा. ‘नाही’ आलं तर त्या हॉटेलात जाऊ नका, आणि का गेलो नाही हे त्यांना कळवा. वर्षाला आपल्या किती बैठका होतात! चार खोल्यांचं भाडं बुडालं की नियम बदलतात, असा माझा अनुभव आहे. तरीही ऐकलं नाही तर पुण्याला राज्याच्या आयुक्तांकडे तक्रार करता येते.

मी त्या हॉटेलला पत्र लिहिलं आहे. मॅनेजरच्या नोकरीवर येईल असं त्यात काही नाही. नियम त्याने केला नव्हता. हा मजकूर लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. पुढची बैठक जूनमध्ये आहे. रेशन कार्डाचा विषय अजून तसाच आहे, आणि तो मीच मांडणार आहे. जागा ठरवणाऱ्यांनी एवढं बघावं.